नवमीच्या चंद्रावरचा क्लाव्हियस

शुक्ल पक्षातल्या नवमीची संध्याकाळ. दिवेलागणीला चंद्र चांगला वर आलेला असतो. उजवीकडचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग उजळलेला, डावीकडचा काळोखात. उजेड आणि काळोख जिथे भेटतात त्या रेषेवरून नजर खाली नेत गेलं, की दक्षिण टोकाच्या जरा अलीकडे ती रेषा बिघडते. उंदरानं भाकरीचा कोर कुरतडावा तशी तिथे एक खाच पडलेली असते. डोळे तीक्ष्ण असतील आणि हवा स्वच्छ असेल, तर ही खाच दुर्बिणीशिवायही ओळखू येते. जवळपास चार लाख किलोमीटरांवरचा एक खड्डा नुसत्या डोळ्यांना जाणवावा, ही साधी गोष्ट नव्हे.

या खड्ड्याचं नाव क्लाव्हियस.

त्याचा व्यास सुमारे २३० किलोमीटर आहे. पुण्याहून सोलापूरला पक्ष्यासारखं सरळ उडत गेलं तर जेवढं अंतर पडेल, साधारण तेवढा. क्षेत्रफळ काढलं तर अख्खा गोवा त्यात अकरा वेळा मावतो. चंद्राची जी बाजू पृथ्वीवरून दिसते, तिच्यावरच्या सर्वांत मोठ्या विवरांत क्लाव्हियसची गणना होते. बेली नावाचं विवर त्याच्याहून बरंच मोठं आहे, पण ते अगदी कडेला, तिरकं दिसतं आणि सहसा नजरेत भरत नाही. क्लाव्हियसही दक्षिणेकडे, ५८ अंशांवर असल्यामुळे गोल असूनही आपल्याला लांबट दिसतो. तरी त्याच्या आत डोकावता येतं, आणि डोकावणाऱ्याचा वेळ कसा जातो ते कळत नाही.

साधी दुर्बीण लावून नवमीपासून दशमीपर्यंत क्लाव्हियसवरची सकाळ पाहावी. चंद्रावरचा एक दिवस पृथ्वीच्या जवळजवळ पंधरा दिवसांएवढा असल्यानं तिथली पहाट फार सावकाश होते. आधी सगळं विवर काळोखानं भरलेलं असतं आणि फक्त पश्चिमेकडची उंच कड उजेडाच्या बारीक धाग्यासारखी चमकते. मग त्या काळोखाच्या मधोमध प्रकाशाची छोटी छोटी कडी उगवतात. हे क्लाव्हियसच्या पोटातल्या विवरांचे काठ. त्यांना ऊन आधी लागतं, कारण ते तळापेक्षा उंच आहेत. तासाभरानं पुन्हा पाहिलं तर कडी जाड झालेली असतात. आणखी काही तासांनी तळ उजळू लागतो आणि सगळी रचना स्पष्ट होते.

ही रचनाच क्लाव्हियसची ओळख आहे. त्याच्या काठावर दोन मोठी विवरं बसली आहेत, पोर्टर आणि रदरफर्ड, दोन्ही सुमारे ५० किलोमीटर रुंदीची. रदरफर्डपासून निघून तळावर वाकत गेलेली विवरांची एक कमान आहे. तिच्यातलं पहिलं २८ किलोमीटरांचं, दुसरं २१चं, तिसरं १३चं, चौथं १२चं. आजीच्या गळ्यातली उतरत्या मण्यांची माळ असावी तशी. शहाण्यासुरत्या माणसालाही वाटावं, की हे कुणीतरी मुद्दाम ओवलेलं आहे. प्रत्यक्षात ही विवरं वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या आघातांतून झाली आणि त्यांची उतरती भाजणी हा निव्वळ योगायोग आहे. हौशी निरीक्षकांना मात्र या योगायोगाचा मोठा उपयोग होतो. नवी दुर्बीण आणली, की तिची ताकद जोखायला ती क्लाव्हियसकडे वळवतात आणि कमानीतला शेवटचा कोणता मणी दिसतो ते बघतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला अशा खड्ड्याचं माप घ्यायला परदेशी उदाहरण लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर हे आघातानं झालेलं विवर आहे, आणि तेही बसाल्ट खडकात. चंद्रावरचे काळसर ‘सागर’ बसाल्टचेच असल्यामुळे चंद्राच्या अभ्यासकांना लोणारबद्दल खास आस्था आहे. लोणारच्या काठावर उभं राहिलं, की समोरचा काठ पावणेदोन-दोन किलोमीटरांवर दिसतो, खाली झाडी आणि पाणी, आणि माणूस गप्प होतो. क्लाव्हियसच्या कमानीतला चौथा, १२ किलोमीटरांचा मणीच मुळी लोणारच्या सहापट रुंद आहे. खुद्द क्लाव्हियस सव्वाशेपट.

आता असं समजू, की एखादा माणूस क्लाव्हियसच्या अगदी मधोमध उभा आहे. त्याला चहूबाजूंनी साडेतीन किलोमीटर उंचीची पर्वतभिंत दिसेल, अशी आपली कल्पना होते. पण चंद्र पृथ्वीपेक्षा खूप लहान गोळा आहे, त्याची त्रिज्या अवघी १,७३७ किलोमीटर. मध्यापासून काठापर्यंतच्या ११५ किलोमीटरांत त्याची जमीन जवळजवळ ३.८ किलोमीटर खाली वळते. भिंत साडेतीनची, उतार पावणेचारचा. म्हणजे मधोमध उभ्या माणसाला भिंतीचा बहुतेक भाग क्षितिजाच्या आड गेलेला असेल. सौरमालेतल्या एका प्रचंड खड्ड्यात उभं राहूनही, आजूबाजूची छोटी विवरं सोडली तर, आपण मोकळ्या माळावर आहोत असंच त्याला वाटेल.

हा खड्डा झाला कसा, या प्रश्नाचं उत्तर मिळायला तीनशे वर्षं लागली. १६६५ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूकनं दोन प्रयोग केले. एकदा ओल्या मातीत गोळ्या टाकून पाहिल्या, तर चंद्रावरच्यासारखे खळगे पडले. दुसऱ्यांदा जिप्समची भुकटी तापवून उकळवली, तर फुटलेल्या बुडबुड्यांचे तसेच खळगे राहिले. त्यानं दुसरं उत्तर निवडलं, कारण आकाशातून चंद्रावर आदळायला एवढ्या गोळ्या येणार कुठून, हा प्रश्न त्याच्या काळी सुटण्यासारखा नव्हता. लघुग्रहांचा शोध लागला नव्हता आणि उल्का आकाशातून पडतात हेही विज्ञानानं मान्य केलेलं नव्हतं. प्रयोग अचूक, तर्क त्या काळच्या ज्ञानाला धरून, आणि तरी निष्कर्ष चुकला. पुढे दीर्घकाळ बहुतेक खगोलज्ञ चंद्राच्या विवरांना ज्वालामुखींची तोंडंच समजत राहिले. १८९३ मध्ये अमेरिकेच्या ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टनं आघाताची बाजू जोरात मांडली. विसाव्या शतकाच्या मध्यात राल्फ बाल्डविन आणि युजीन शूमेकर यांच्या कामानंतर वाद मिटला.

क्लाव्हियस जवळपास चार अब्ज वर्षांपूर्वीचा आहे. सौरमाला तरुण होती आणि ग्रह-उपग्रहांवर दगडांचा मारा चालू होता, त्या काळातला. येऊन आदळणारा दगड विवराच्या मानानं लहान असतो. विवर साधारणपणे त्याच्या दहा ते वीसपट रुंद होतं, कारण खड्डा दगडाच्या आकारानं पडत नाही, त्याच्या वेगातल्या ऊर्जेनं पडतो. सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगानं आलेली वस्तू जमिनीत घुसता घुसताच स्फोट व्हावा तशी फुटते. म्हणून ती तिरकी आली तरी खड्डा बहुधा गोलच होतो. क्लाव्हियसच्या काठांना आता धार राहिलेली नाही, ते झिजलेले, खचलेले आहेत. तळ बराचसा सपाट आहे. वितळून थिजलेला खडक आणि इतर आघातांतून उडून आलेला चुरा यांनी तो भरला. नंतर त्यावर पुन्हा पुन्हा दगड पडत गेले. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही, नद्या नाहीत, त्यामुळे एकदा उमटलेली खूण पुसायला दुसरा आघातच लागतो. कुठल्या जमिनीवर किती विवरं साचली आहेत हे मोजून तिचं वय काढण्याची रीत याच गोष्टीवर उभी आहे. पृथ्वीनं मात्र त्या काळातली आपली स्वतःची पानं जवळजवळ सगळी गमावली.

खड्डा चार अब्ज वर्षांचा, पण त्याला नाव मिळालं १६५१ मध्ये.

दुर्बीण आली आणि चंद्राचे नकाशे निघू लागले, तेव्हा प्रत्येकाला तिथे आपल्या मनासारखी नावं द्यायची होती. मायकेल व्हान लांग्रेननं १६४५ मध्ये राजेरजवाडे आणि आश्रयदाते चंद्रावर बसवले. दोन वर्षांनी योहानेस हेवेलियसनं पृथ्वीवरच्या पर्वतांची आणि समुद्रांची नावं तिकडे नेली. १६५१ मध्ये इटलीतल्या बोलोन्याचा जेसुइट पाद्री जोव्हान्नी बात्तिस्ता रिच्चोली यानं ‘अल्माजेस्टुम नोव्हुम’ हा प्रचंड ग्रंथ काढला. त्यातला चंद्राचा नकाशा त्याचा सहकारी फ्रान्चेस्को मारिया ग्रिमाल्दीनं काढला होता. रिच्चोलीनं सागरांना हवामानाची आणि मनःस्थितीची नावं दिली, जसं शांततेचा सागर, वादळांचा महासागर. विवरांना त्यानं खगोलज्ञांची आणि विद्वानांची नावं दिली. राजे गळून पडले, हेवेलियसचे बहुतेक पर्वतही विस्मरणात गेले, आणि रिच्चोलीची पद्धत टिकली. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तो याच पाद्र्यानं नाव दिलेल्या सागराच्या काठी. आणि मौज अशी, की चंद्रावर माणसं राहत नाहीत आणि मेलेल्यांचे आत्मेही तिथे जात नाहीत, असं रिच्चोलीनं त्याच नकाशावर छापून ठेवलं होतं.

त्यानं नावं वाटेल तशी फेकली नाहीत. त्यानं चंद्राचे आठ भाग केले, त्यांत जुने विद्वान उत्तरेकडे आणि नवे दक्षिणेकडे घातले, गुरू-शिष्य आणि एका विचाराचे लोक जवळजवळ ठेवले. दक्षिणेकडची सर्वांत ठळक जागा, जिथून पांढरे किरण चहूकडे फाकलेले दिसतात, ती टायको ब्राहेला दिली, कारण विश्वरचनेबद्दल रिच्चोलीचा ओढा टायकोच्या मताकडे होता. कोपर्निकसची मतं चर्चला मान्य नव्हती, त्याला वादळांच्या महासागरात टाकलं. पण ते विवर इतकं देखणं आहे, की ही शिक्षा होती की गुपचूप केलेला मान, याबद्दल इतिहासकार अजून तर्क करतात. आणि टायकोच्या दक्षिणेला रिच्चोलीनं आपल्या संप्रदायाची वस्ती वसवली. मधोमध ख्रिस्तोफर क्लाव्हियस. शेजारी त्याचा विद्यार्थी जुझेप्पे बिआन्कानी, नकाशावर ब्लांकानुस. दक्षिणेला त्याचा शिष्य आणि रोमच्या विद्यालयातला वारसदार ग्रीनबर्गर. पश्चिमेला सूर्यावरच्या डागांवरून गॅलिलिओशी भांडलेला शायनर. एखाद्या वाड्यात आजोबांच्या खोलीभोवती नातवंडांच्या खोल्या असाव्यात तशी ही मांडणी आहे.

या वाड्याचे आजोबा होते तरी कोण?

क्लाव्हियस १५३८ साली जर्मनीतल्या बांबेर्गमध्ये जन्मला. सतराव्या वर्षी जेसुइट संप्रदायात गेला आणि शिकायला पोर्तुगालमधल्या कोइंब्रा इथे आला. तिथे २१ ऑगस्ट १५६० रोजी त्यानं खग्रास सूर्यग्रहण पाहिलं. भर दुपारी इतका अंधार झाला की पाय कुठे टाकावा ते दिसेना, तारे चमकू लागले आणि भ्यालेले पक्षी आकाशातून खाली आले, असं वर्णन त्यानं पुढे लिहून ठेवलं. उरलेलं आयुष्य रोमच्या कोलेज्जो रोमानो या जेसुइट विद्यालयात गणित शिकवण्यात गेलं. त्यानं संपादित केलेला युक्लिड आणि खगोलशास्त्रावरचं त्याचं भाष्य युरोपभर अभ्यासलं जात होतं.

त्याचा एक विद्यार्थी आपल्या किनाऱ्यावरही आला होता. मात्तेओ रिच्ची सप्टेंबर १५७८ मध्ये गोव्याला उतरला, तिथे त्यानं धर्मशास्त्राचा अभ्यास केला, मुलांना भाषा शिकवल्या आणि १५८२ मध्ये तो चीनकडे गेला. तिथे १६०७ साली शू ग्वांगछी या विद्वानासोबत त्यानं युक्लिडची पहिली सहा पुस्तकं चिनी भाषेत आणली, ती क्लाव्हियसच्या आवृत्तीवरून. चंद्राच्या आग्नेय भागातलं रिच्चिउस हे विवर याच रिच्चीच्या नावाचं आहे.

पण क्लाव्हियसचं खरं काम प्रत्येकाच्या घरात भिंतीवर टांगलेलं असतं. जुन्या ज्युलियन पंचांगाचं वर्ष खऱ्या सौर वर्षापेक्षा अकरा मिनिटांनी मोठं होतं. ही अकरा मिनिटं साचत साचत सोळाव्या शतकात वसंतसंपात २१ मार्चऐवजी ११ मार्चच्या सुमाराला येऊ लागला होता, आणि ईस्टरचा सण त्यावरून ठरत असल्यामुळे चर्चला घोर लागला होता. सुधारणेची मूळ योजना लुइजी लिलिओ या वैद्याची. तो ती अमलात येण्याआधीच वारला. पंचांग-सुधारणेच्या आयोगात बसून ती तपासणं, समजावणं आणि नंतर पंचवीस-तीस वर्षं टीकाकारांना उत्तरं देणं हे क्लाव्हियसनं केलं. पोप तेरावा ग्रेगरी यानं फेब्रुवारी १५८२ मध्ये आज्ञापत्र काढलं. त्या वर्षी ४ ऑक्टोबर, गुरुवार, याच्यानंतरचा दिवस १५ ऑक्टोबर, शुक्रवार, असा धरला गेला. शतकाचं वर्ष ४०० नं भागलं जात असेल तरच लीप धरायचं, हा नियम तेव्हापासूनचा. म्हणून १९०० च्या फेब्रुवारीत २९ तारीख नव्हती आणि २००० मध्ये होती.

कॅथलिक पोर्तुगालनं ही सुधारणा लगेच स्वीकारली. प्रॉटेस्टंट इंग्लंडनं मात्र पोपचं पंचांग १७५२ पर्यंत घेतलं नाही. याचा परिणाम इथवर पोहोचला. सतराव्या शतकात मुंबई इंग्रजांची आणि खाडीपलीकडची वसई पोर्तुगीजांची. सूर्य एकच, दिवस एकच, आणि दोन्हीकडच्या कागदांवर तारखांत दहा दिवसांचा फरक! छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर हजर होता. आपण जी ६ जून १६७४ ही तारीख म्हणतो ती या जुन्या, इंग्रजी पद्धतीची आहे. क्लाव्हियसच्या पंचांगानं तो दिवस १६ जूनचा. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी मात्र दोन्हीकडे तीच, कारण तिथी चंद्र ठरवतो.

पुन्हा चंद्राकडे. मार्च १६१० मध्ये गॅलिलिओचं छोटंसं पुस्तक व्हेनिसमध्ये निघालं आणि युरोप हादरला. चंद्र गुळगुळीत नाही, त्यावर डोंगर आणि दऱ्या आहेत, गुरूभोवती चार चंद्र फिरतात, असं त्यात लिहिलं होतं. एका मोठ्या चांद्रविवराची तुलना त्यानं चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या बोहेमिया देशाशी केली होती. क्लाव्हियस तेव्हा बहात्तर वर्षांचा होता. गॅलिलिओ त्याला तरुणपणी, १५८७ मध्ये, रोममध्ये येऊन भेटलेला आणि त्याला मानणारा. सुरुवातीला म्हाताऱ्या गुरुजींचा या शोधांवर विश्वास बसला नाही. पण रोमच्या विद्यालयात चांगली दुर्बीण तयार झाली, त्यांनी स्वतः गुरूचे चंद्र पाहिले, आणि डिसेंबर १६१० मध्ये ते खरे असल्याचं गॅलिलिओला पत्रानं कळवलं.

एप्रिल १६११ मध्ये कार्डिनल बेल्लार्मिनोनं विद्यालयाच्या गणितज्ञांना विचारलं, की हे सगळं खरं आहे का. क्लाव्हियससह चौघांनी लेखी उत्तर दिलं. असंख्य तारे, शुक्राच्या कला, गुरूचे चंद्र, सगळं मान्य. चंद्राच्या डोंगरांपाशी येऊन कलम अडखळलं. चंद्रावरची विषमता नाकारता येत नाही, पण पृष्ठभाग खरोखर उंचसखल आहे असं नसून चंद्राचं द्रव्यच काही ठिकाणी दाट आणि काही ठिकाणी विरळ असावं, हे फादर क्लाव्हियस यांना अधिक संभवनीय वाटतं, असं त्यात नोंदवलेलं आहे. बाकी तिघांपैकी काहींचं मत वेगळं होतं, तेही लिहिलं आहे. आकाशातल्या वस्तू परिपूर्ण असतात, हे जन्मभर शिकवलेल्या माणसाला एका झटक्यात सोडवत नव्हतं. दुसरीकडे, त्याच सुमाराला छापल्या गेलेल्या आपल्या भाष्याच्या शेवटच्या आवृत्तीत त्यानं दुर्बिणीतल्या अर्ध्या चंद्राबद्दल लिहिलं. चंद्र इतका भंगलेला आणि खडबडीत दिसतो की त्याच्या अंगावर एवढा उंचसखलपणा असावा याचं नवल सरत नाही, असा त्या मजकुराचा आशय आहे. या नव्या गोष्टी जमेला धरून आकाशाची रचना कशी लावायची ते आता खगोलज्ञांनी पाहावं, असंही त्यानं सांगून ठेवलं. फेब्रुवारी १६१२ मध्ये तो वारला.

त्याला भित्रा किंवा जुनाट म्हणून सोडून देणं सोपं आहे, आणि अनेकांनी तसं केलंही. पण बहात्तराव्या वर्षी दुर्बिणीला डोळा लावून, स्वतःच्याच पाठ्यपुस्तकात, जे चाळीस वर्षं सगळ्यांनी घोकलं त्यात, ही भर घालणारा माणूस त्याहून मोठा होता. चाळीस वर्षांनी त्याच्याच संप्रदायातल्या रिच्चोलीनं त्याला चंद्रावरची सर्वांत भंगलेली, सर्वांत खडबडीत अशी मोठी जागा दिली, ते योग्यच झालं.

गॅलिलिओच्या वाट्याला काय आलं? १६३३ मध्ये चर्चनं त्याला दोषी ठरवलं होतं, तरी रिच्चोलीनं त्याचं नाव नकाशावर ठेवलं, वादळांच्या महासागरातल्या एका फिकट डागाला. तिथे धड खड्डाही नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात ते नाव जवळच्या एका विवराला दिलं गेलं. त्याची रुंदी जेमतेम पंधरा किलोमीटर. चंद्रावरचे डोंगर जगाला दाखवणाऱ्या माणसाला एवढीच जागा मिळावी, याची रुखरुख नकाशा पाहणाऱ्या कुणालाही लागते.

रिच्चोलीनंतरही नावांचा गोंधळ चालूच होता. एकाच विवराला वेगवेगळ्या नकाशांत वेगवेगळी नावं असायची. बर्लिनच्या बेअर आणि मेडलर या जोडीनं १८३०च्या दशकात आपल्या मोठ्या नकाशात लहान विवरांना मोठ्या शेजाऱ्याचं नाव आणि पुढे एक अक्षर देण्याची पद्धत रूढ केली. क्लाव्हियसच्या कमानीतल्या मण्यांची नावं म्हणूनच क्लाव्हियस डी, सी, एन आणि जे. नकाशावर अक्षर विवराच्या ज्या बाजूला छापलेलं असतं, त्या बाजूला त्याचं मूळ विवर आहे असं समजायचं. सगळ्या नकाशांची नावं पडताळून एक यादी करण्याचं किचकट काम इंग्लंडमधल्या चीडल या गावी राहणाऱ्या मेरी ब्लॅग यांनी केलं. कार्ल म्युलर यांच्याबरोबर तयार केलेली त्यांची यादी आंतरराष्ट्रीय खगोल संघानं १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. चंद्राच्या दृश्य बाजूच्या जवळजवळ मधोमध एक चिमुकलं विवर आज ब्लॅग यांच्या नावानं ओळखलं जातं.

क्लाव्हियसच्या काठावरच्या दोघांना अमेरिकनांची नावं मिळाली. लुईस रदरफर्ड हे एकोणिसाव्या शतकात चंद्राची उत्तम छायाचित्रं घेणारे. रसेल पोर्टर आर्क्टिकच्या मोहिमांवर जाऊन आलेले, हौशी लोकांना स्वतःच्या हातानं आरसे घासून दुर्बिणी बनवायला शिकवणारे, आणि पालोमारच्या प्रचंड दुर्बिणीची चित्रं काढणारे. पूर्वी पोर्टरचं विवर क्लाव्हियस बी होतं. हौशी दुर्बीणकारांचे गुरू ज्या विवरात, तिथेच हौशी लोक आजही आपल्या दुर्बिणी पारखतात, हे छान जुळून आलं आहे. आता नियम कडक आहेत. विवराला नाव मिळायला माणूस वारून किमान तीन वर्षं झालेली असावी लागतात. रिच्चोली आणि ग्रिमाल्दी यांनी मात्र जिवंतपणी आपापली नावं चंद्राच्या पश्चिम कडेला लिहून ठेवली होती. मुंबईत जन्मलेले होमी भाभाही आज चंद्रावर आहेत, पण पलीकडच्या बाजूला. त्यांचं विवर पृथ्वीवरून कधीच दिसत नाही.

१९६८ मध्ये स्टॅन्ली कुब्रिक आणि आर्थर क्लार्क यांच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात माणसाचा चांद्रतळ क्लाव्हियसमध्ये दाखवला होता. तिथून पात्रं टायकोला जातात, आणि हा शेजार नकाशाबरहुकूम बरोबर आहे. पण तळ वसवायचा तर पाणी हवं, आणि चंद्र कोरडाठाक समजला जात होता.

ऑक्टोबर २००८ मध्ये भारताचं चांद्रयान-१ निघालं. त्यावर नासाचं खनिजं ओळखणारं एक उपकरण होतं. त्याला चंद्राच्या मातीत, विशेषतः ध्रुवांकडे, तीन मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास एक खूण सापडली. सप्टेंबर २००९ मध्ये ती जाहीर झाली. पण ती खूण पाण्याची असू शकते, तशीच हायड्रॉक्सिलचीही, म्हणजे ऑक्सिजनला एकच हायड्रोजन चिकटलेल्या जोडीची. तेवढ्यावरून दोन्हींतला फरक कळत नाही. सहा मायक्रॉनच्या आसपासची खूण मात्र फक्त पूर्ण पाण्याच्या रेणूची असते. ती पृथ्वीवरून पाहायला गेलं तर आपल्याच हवेतली वाफ आड येते.

यावरचा उपाय म्हणजे सोफिया नावाचं विमान. नासा आणि जर्मनीच्या अंतराळ संस्थेनं बोइंग ७४७ जातीच्या विमानाच्या कुशीला मोठं दार पाडून आत अडीच मीटरांची दुर्बीण बसवली होती. बारा-तेरा किलोमीटरांवर उडताना हवेतली जवळजवळ सगळी वाफ खाली राहते. ही दुर्बीण अंधूक, दूरच्या वस्तू पाहण्यासाठी होती. चंद्रासारखी झगझगीत वस्तू तिच्यानं नीट पाहता येईल का, याचीच शंका होती. ऑगस्ट २०१८ मधल्या एका उड्डाणात ती पहिल्यांदाच चंद्राकडे वळवली. दक्षिणेकडे क्लाव्हियसचा परिसर निवडला आणि तुलनेला विषुववृत्ताकडचा एक भाग. क्लाव्हियसकडे ६.१ मायक्रॉनची खूण स्पष्ट निघाली. केसी हॉनिबॉल आणि सहकाऱ्यांनी २६ ऑक्टोबर २०२० रोजी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. दहा लाख भाग मातीत शंभर ते चारशे भाग पाणी.

हे पाणी म्हणजे तळं किंवा ओल नव्हे. एक घनमीटर मातीत एका छोट्या बाटलीएवढं, आणि तेही रेणूरेणूनं विखुरलेलं. सहारा वाळवंटाची माती याच्या शंभरपट ओली असते. उन्हात तापलेल्या, हवा नसलेल्या जमिनीवर ते टिकतं कसं, हा मोठा प्रश्न. सूक्ष्म उल्का आदळतात तेव्हा माती वितळून काचेचे बारीक मणी बनतात, त्यांच्या आत पाणी अडकत असावं, किंवा कणांच्या फटीत सावलीला लपत असावं, असं संशोधकांना वाटतं.

सोफियानं सप्टेंबर २०२२ मध्ये शेवटचं वैज्ञानिक उड्डाण केलं. आता ते विमान अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉन शहरी विमानांच्या संग्रहालयात उभं आहे. क्लाव्हियस पाहायला मात्र विमान लागत नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारखेचा मोठा आकडा असतो, तो क्लाव्हियसनं लावून दिलेल्या हिशेबाचा. त्याच चौकोनात बारीक अक्षरांत तिथी असते. शुक्ल नवमी शोधावी, संध्याकाळी गच्चीवर जावं, आणि उजेड-काळोखाच्या रेषेवर खालच्या टोकाकडे बघावं. पहिली उजळेल ती पश्चिमेची कड. थोड्या वेळानं काळोखाच्या पोटात रदरफर्डचं कडं.